जानेवारीतला कमळपक्षी

माझ्या धाकट्या भावाने मला फसवलं. त्याचं नाव दिलीप, राहणार आमच्याच गावी, भंडारा जिल्ह्यात. हे मी त्याला न विचारता लिहितो आहे, कारण त्यानेही जे केलं ते मला न विचारताच केलं.

मी गाव सोडलं त्या सकाळी बाबा बसस्टँडवर आले नाहीत. आम्हा दोघा भावांना घेऊन ते बोडीवर गेले. बोडी म्हणजे आमच्याकडचं घरच्या मालकीचं लहान तळं. त्याच्या पाण्यावर आमचं धान पिकायचं. काठाला शिंगाड्याची पानं पसरलेली आणि त्या पानांवरून कमळपक्षी आपल्या लांब बोटांनी असा चालत होता, की जणू खाली पाणीच नाही. बाबा त्याच्याकडे बघत म्हणाले, “वावर इकलं तरी चालते, बोडी नाही इकाची.” माझ्या हिश्शाच्या जमिनीचं मुखत्यारपत्र मी आदल्याच दिवशी दिलीपच्या नावाने करून दिलं होतं. माझी बॅग खांद्यावर घेऊन तो शेजारी उभा होता. त्याने मान डोलावली. ती मान मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

जपानमधल्या सेंदाईत मी शेतीची जुनी यंत्रं घेतो आणि बाहेरच्या देशांत विकतो. पुण्या-मुंबईकडची आपली मंडळी इथे विद्यापीठात संशोधन करतात. ती गणपतीला बोलावतात, मी जातो, मोदक खातो आणि लवकर निघतो. त्यांच्यात व्हिसा आणि पेपर यांच्या गोष्टी चालतात, मला रोवणी यंत्राच्या गिअरबॉक्समधलं कळतं. मला इथे कुणी नोकरी दिली नाही, मी धंदा उभा केला. भाव करणं या देशात असभ्य समजतात, तरी मी केला. रंग मारून आणलेल्या यंत्राला नखाने खरवडून गंज दाखवला आणि समोरच्याला घाम फोडला. आवाज चढतो माझा, ते मला माहीत आहे. लग्न काही जमलं नाही. संध्याकाळी कोन्बिनीतून, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानातून, गरम केलेला डबा आणतो, तेव्हा काउंटरवरची मुलगी विचारते, चॉपस्टिक्स हव्यात का. पुष्कळदा दिवसभरात माझ्याशी तेवढंच एक वाक्य बोललं गेलेलं असतं.

पक्षी बघायला लागलो ते धानामुळे. पहिल्या हिवाळ्यात एक यंत्र बघायला शहराबाहेर गेलो होतो. कापणी झालेली धानाची खाचरं, आमच्या भाषेत बांध्या, बर्फात उभी राहिलेली धसकटं, आणि त्यात सैबेरियाहून आलेले हंस सांडलेलं धान वेचत होते. आमच्या घरच्या बांधीसारखीच बांधी. मी गाडीतून उतरलो आणि यंत्र बघायचं विसरलो.

पुढे तिथल्याच एका निवृत्त लोकांच्या पक्षी-मंडळात शिरलो. दर रविवारी तळ्याकाठी फिरायचं आणि दुपारी घरी जाण्याआधी गोल उभं राहून एक रिवाज पाळायचा. त्याला ते तोरिआवासे म्हणतात. आबे-सान नावाच्या वृद्ध बाई एकेका पक्ष्याचं नाव वाचतात. ज्याने तो त्या दिवशी स्वतः पाहिला असेल त्याने “हाय”, म्हणजे हो, म्हणायचं. कुणीच बोललं नाही तर तो पक्षी त्या दिवसापुरता नाही. ऐकीव चालत नाही, कालचा चालत नाही.

एकदा मी ससाणा पाहिला. एकट्यानेच, तोही पाठमोरा. आबे-सान हसून म्हणाल्या, “गाजा-सान, पाठ तर घारीलाही असते.” गजानन म्हणणं त्यांना जमत नाही. मी भडकलो. नंतर भाव केला : ससाणा नाही तर नाही, निदान शिकारी पक्षी तरी धरा. बरीच ओढाताण झाल्यावर ‘शिकारी पक्षी, जात अनिश्चित’ यावर सौदा पटला. सगळे हसले, मीही हसलो. या देशात माझ्या भांडणावर कुणी हसण्याची ती पहिली वेळ.

तोरिआवासे संपलं की थर्मासमधला चहा निघायचा आणि मी मोबाइल काढायचो. रविवारी दिलीप बोडीचा ताजा फोटो पाठवायचा. खाली लिहिलेलं असायचं : “दादा, आज सकाळचा.” अडया, म्हणजे शिट्टी घालणारी रानबदकं, पाणकोंबड्या, बगळे. मंडळी माना पुढे काढून बघायची. माझ्या मागे एक तळं आहे, असं मला वाटायचं. तेवढ्या बळावर मी पुढचा आठवडा काढायचो.

या जानेवारीत फोटोत कमळपक्षी आला. शिंगाड्याच्या पानावर उभा, मागे काळं, लांब, वळलेलं शेपूट. जपानात तो क्वचितच दिसतो, त्यामुळे सगळे खूश. आबे-सान बराच वेळ बघत राहिल्या.

“आजचा?” त्यांनी विचारलं.

“आजचा,” मी अभिमानाने म्हणालो.

“शेपूट किती सुंदर आहे.” मग त्या म्हणाल्या, “भारतात ऊब असते ना, त्यामुळे असेल.”

मला सावरायला त्या तसं म्हणाल्या, हे त्याच क्षणी कळलं. कमळपक्ष्याला ते शेपूट विणीपुरतं असतं, पावसाळ्यात. थंडीत ते नसतं. भारतातही नसतं. लहानपणापासून मी बघत आलोय. यंत्राच्या रंगाखालचा गंज ओळखणारा माणूस मी, आणि भावाचा फोटो कधी नखाने खरवडून पाहिला नाही. चहा तसाच ठेवून मी पार्किंगमध्ये गेलो आणि फोन लावला.

“दिलप्या, फोटो कधीचा?”

“आजचाच ना दादा. सकाळी गेलो होतो.”

“मग शेपूट कुठून आलं?”

“कोणाचं?”

“पक्ष्याचं!”

“पक्ष्याले शेपूट राह्यतेच ना दादा.”

“आत्ता बोडीवर जा आणि व्हिडिओ लाव.”

“तिकडे रेंज नाही भेटत.”

“जा म्हणतो ना!”

पलीकडे कुणीतरी टीव्ही बंद केला. मग तो म्हणाला, “बोडी नाही राह्यली दादा. बुजवली. लॉन झालं तिथं, लग्नाचं.”

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग तोही तापला. “मच्छर कोणाच्या घरी होते? डेंगू कोणाच्या पोराले झाला? बाबा गेले तवा तू मोबाइलवर रडला, खांदा म्या देल्ला. तुले बोडी पाह्यजे होती तं इथं राह्यचं होतं.”

“मग फोटो कशाला पाठवत होतास?”

“तू खूश राह्यचा म्हणून. खोटे नाहीत ते. जुने आहेत.”

जुना माल आजचा म्हणून देणं याला काय म्हणतात, ते माझ्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे.

त्या दिवसापासून रविवारी फोटो येत नाही. मंडळात मी जातो. मोबाइल खिशातून निघत नाही आणि आबे-सान विचारत नाहीत. नुसताच चहा पुढे करतात. तळ्यावर हंस उतरतात तेव्हा दोन्ही पाय पुढे करून पाण्यावर घसरत येतात, एखाद्या जड सामानासारखे. इतक्या लांबून येतात ते या खात्रीवर, की पाणी जागेवर असेल. गावी राहिलेल्यांना हे सांगून कळणार नाही. माझ्यासारखे जे निघून आले, त्यांना सांगावं लागणार नाही. आपण परत जात नाही, पण परत जायला काहीतरी जागेवर आहे, एवढ्यावर दूरचा माणूस उभा असतो. माझं घर म्हणजे विटा नव्हत्या. तेवढं पाणी होतं. आता सेंदाईतली ही खोली माझी नाही आणि गावातही मी कुठल्या तरी लग्नातला पाहुणा.

दिलीप, डासांचं तू म्हणालास ते खरं असेल. पोराच्या तापाचं मला सांगितलं असतंस, तर मी भांडलो असतो आणि कदाचित ऐकलंही असतं. लॉनच्या पैशातला माझा हिस्सा पाठवतो म्हणालास, तो विषय पुन्हा काढू नकोस. हंस इथून गेले की मी गावी येतो आहे. मला लॉन दाखवू नकोस, जेवायला थांब म्हणू नकोस. बोडीत मुरमाच्या गाड्या रित्या झाल्या त्या दिवशी तू तिथे उभा असशील. संध्याकाळी अडया शिट्टी घालत परत आल्या असतील, बाबा असताना यायच्या तशाच. खाली पाणी नव्हतं. त्या किती वेळ फिरत राहिल्या आणि शेवटी कुठल्या दिशेने गेल्या, हे मला माझ्यासमोर उभा राहून सांग. तू पाहिलं नसशील, तर का पाहिलं नाहीस ते सांग.