ओल्या रंगावर सडा

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी बायकोनं आमची जुनी गाडी फाटकाला घासली. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा पार ओरबाडला. मी धावत गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. तेव्हापासून तिनं स्टिअरिंगला हात लावला नाही. अर्जुनी मोरगावला आईकडे जायचं तर एसटीची वाट पाहत बसायची. मला ते बघवत नव्हतं, पण माफी मागायला जीभ वळेना. मग ठरवलं, दरवाजा आपणच घरी रंगवायचा. तो नवा दिसला की ही परत गाडी चालवेल, एवढाच माझा हिशेब.

गोंदियाहून रंगाचे स्प्रेचे डबे आणले. दुकानदारानं बजावलं, "भैया, मास्क लगाना, और पास में आग नहीं." म्हणून गाडी मोकळ्या अंगणात घेतली, चूल विझवली, मास्क-चष्मा चढवला. पाणी लावून पॉलिश पेपरनं दरवाजा गुळगुळीत केला, काचेवर पेपर चिकटवला, प्रायमर मारून वाळू दिला. मग रंगाचा पहिला हात, अगदी पातळ. घाई केली की ओघळ येतात. माझ्यासारख्याला एवढा धीर कुठून आला, देव जाणे.

तेवढ्यात वारा सुटला. शेजारी धानाची मळणी सुरू होती, तिकडची धूळ इकडे यायला लागली. मी मास्कमधूनच ओरडलो, "अवं, सडा टाक इथं, लवकर!"

मला म्हणायचं होतं, पाणी शिंपड, धूळ बसू दे. पण आमच्याकडे सडा म्हणजे शेणाचाच. तिनं बादलीत शेण कालवलं आणि रोजच्या सवयीनं सडा असा झोकात फेकला, की ओल्या दरवाज्यावर शिंतोडेच शिंतोडे!

माझ्या डोक्यात सणक गेली. तोंड उघडलं आणि तिच्याकडे पाहिलं. बादली छातीशी धरून, खांदे आवळून उभी होती, आता मी ओरडणार म्हणून. अरेरे! माझ्याच घरात माझ्या बायकोनं मला असं भ्यावं? फार लाज वाटली. मास्क खाली ओढून म्हणालो, "माझंच चुकलं. पाणी म्हणायले पाहिजे होतं."

तिनं दरवाज्याकडे पाहिलं आणि खुदकन हसली. मलाही हसू आवरेना. रंग वाळल्यावर आम्ही दोघं तो पुन्हा घासायला बसलो. घासता घासता ती म्हणाली, "दरवाज्यापायी नाही सोडली मी गाडी."

"मग काऊन?"

"त्या दिवशी तुमी पहिले दरवाजा पायला. मले पायलंच नाही."

माझा हात थांबला. दोन वर्षांनी मी विचारलं, "तुले लागलं होतं काय?"

तिनं बाही वर केली. कोपरावर जुना व्रण होता; त्या दिवशी खिडकीबाहेर असलेलं कोपर फाटकाला घासून सोलून निघालं होतं. तो व्रण मी रोज पाहत होतो आणि चुलीचा चटका समजत होतो.

दरवाजा पुरा व्हायची वाट तिनं पाहिलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तशाच अर्धवट घासलेल्या दरवाज्याची गाडी घेऊन ती आईकडे गेली, एकटी, स्वतः चालवत.