मेजावर जाण्याआधी

मी बनारसला निघाले तो रविवार प्रभुभोजनाचा होता. चर्चमध्ये पाळकांनी भाकरीचं ताट उचललं आणि आई जागेवरून उठून थेट बाहेर गेली. मला वाटलं, तिला भोवळ आली. खिडकीतून पाहिलं तर ती रस्त्यापलीकडे माझ्या चुलतीच्या दारात उभी. सांडपाण्यावरून दोघींचं बोलणं बंद होतं. त्या रागात चुलतीने चर्चला येणंही सोडलं होतं. ती आधी ओरडली, "आता सुचलं होय, पोरगी निघाली तेव्हा!" मग पदर तोंडाला लावून रडली. आई धापा टाकत परत आली. पाळक ताट धरून थांबले होते. आमच्याकडे याचं कुणाला नवल नाही. मनात कुणाशी वाकडं असेल तर आधी ते मिटवायचं, मगच प्रभूच्या मेजावर जायचं.

मनमाडला गाडीची वाट पाहताना मी म्हटलं, "चूक तर चुलतीची होती."

"चूक कुणाची ते मेजावर विचारत नाहीत," आई म्हणाली. "दिसायला ती भाकरच असते गं. आत प्रभू असतो, दिसत नाही. राग धरून घेतलीस तर नुसतीच भाकर."

आई शाळेत गेली नाही. मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात तिने स्वयंपाक केला, तिथेच राहून मी शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले, बँकेत लागले आणि बनारसला नेमणूक मिळाली. त्या वसतिगृहाचे आणि शिक्षकांचे उपकार मी विसरणार नाही. बाहेरची खूण आणि आतली कृपा, हा धडा त्यांनी मला शिकवला आणि मी तो परीक्षेत नीट लिहिला. कळला मात्र आईकडून.

बनारसमध्ये दूधविनायकच्या गल्लीत खोली मिळाली, तीही मराठी घरात. आई फोनवर म्हणाली, "आपल्या भाषेची बाई भेटली, आता मला घोर नाही." घरमालकीण काकूंचं घराणं पिढ्यान् पिढ्या तिथलं. त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी. "अगं आशा, खिडकी बंद कर, बंदर घुसतील." माझी शेंगदाण्याची चटणी चाखून म्हणाल्या, "बाप रे! पोटात अंगीठी ठेवतेस का गं?" त्यांची मुलं घरातही हिंदी बोलत. "तुझ्याशी बोललं की कानांना सुकून मिळतो," असं त्या म्हणायच्या. सकाळी मी त्यांच्या देवघरासाठी फुलं निवडून द्यायचे. माझं आडनाव शिंदे, भाषा मराठी. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

एकदा मी अंघोळीला गेले असताना माझा फोन वाजला आणि काकूंनी तो घेतला. मी बाहेर आले तेव्हा फोन त्यांच्या हातात होता.

"तुमच्या आईचा फोन होता."

तुझ्या नाही, तुमच्या. मी तिथेच समजले.

"त्या म्हणाल्या, जय ख्रिस्त ताई, तुमच्यासाठी आम्ही रोज प्रार्थना करतो." काकू फोन टेबलावर ठेवून हात पदराला पुसत होत्या. "तुम्ही सांगायला पाहिजे होतं. मी तुम्हाला देवाची फुलं निवडायला लावली."

"काकू, तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"मराठी बोलणाऱ्या माणसाला काय विचारायचं?"

त्या आठवड्यात त्यांना पुतण्यासाठी खोली लागली. मी स्टेशनकडे दुसरी खोली घेतली. पुतण्या काही आला नाही.

इथल्या चर्चमध्ये उपासना हिंदीत असते. प्रभुभोजनाचं ताट माझ्यासमोर आलं आणि मी ते तसंच पुढे सरकवलं. पुढच्या वेळीही. पादरीसाहेबांनी बाहेर विचारलं, "बहन जी, तबीयत ठीक है न?" मी हो म्हटलं. काय सांगणार? माझ्या विश्वासाचं सगळं मर्म त्या एवढ्याशा तुकड्यात दडलेलं आहे. ते कुणाला दाखवता येत नाही, सिद्ध करता येत नाही. आणि दूधविनायकच्या एका घरावरचा राग मी धरून होते. तो होता तोवर ताट माझ्यासाठी नव्हतं.

शेवटी आईने केलं तेच करायचं ठरवलं. काकू दारात मटार सोलत होत्या.

"काकू, माझ्या मनात तुमच्याबद्दल राग होता. तो मिटवायला आले."

त्या हसल्या. "राग? कसला राग? आपलं काही भांडण झालं का? थांबा, चहा मागवते." नाक्यावरच्या दुकानातून कुल्हड आला, पिऊन फेकून द्यायचा मातीचा पेला. बनारसमध्ये कुल्हडातला चहा म्हणजे मौज, साऱ्या जगाला आवडतो. पण या घरात मी काकूंच्या कपातून चहा प्यायचे. मी संपवल्यावर त्या गोड आवाजात म्हणाल्या, "तिकडे कोपऱ्यात टाकून द्या."

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या दूर गेलेल्यांनो, हे तुम्हाला यासाठी लिहिते आहे की परक्या गावात कुणी अंगावर ओरडत नाही. चुलती ओरडली, कारण आई तिला आपली वाटत होती. काकूंनी मला भांडणाएवढंही जवळचं मानलं नाही. घर म्हणजे काय असं आता कुणी विचारलं तर मी म्हणेन, जिथे आपल्यावरचा राग लोक कबूल करतात ती जागा.

आईला फोनवर राग, ताट, कुल्हड, सगळं सांगितलं. तिच्या 'जय ख्रिस्त'मुळे माझी खोली गेली, एवढं मात्र सांगितलं नाही. मी खोली बदलली तेव्हाच तिने ते ओळखलं असावं. ती म्हणाली, "तू गेलीस ना? आता घे."

परवा ताट आलं. राग गेलेला नव्हता, कुल्हडासकट तो तसाच होता. तरी मी तुकडा उचलला. आत प्रभू होता की ती नुसतीच भाकर होती, मला अजून सांगता येत नाही. पण भूक लागली होती, आणि मी ती खाल्ली.