आईला वरचा बर्थ

सोमवारी सकाळी सात वाजून चोपन्न मिनिटांनी खमीरताई बेकरीच्या माल पाठवायच्या खोलीत संगणकासमोर उभी होती. खोलीत एकच खुर्ची होती, तिच्यावर पावाचे रिकामे ट्रे छातीएवढे रचलेले होते, आणि ते उतरवत बसायला वेळ नव्हता. रात्री नऊची पाळी साडेसातला सुटली होती. कोपरापर्यंतचं पीठ तिनं धुऊन काढलं होतं. नखांच्या कडेचं निघत नाही, ते तसंच होतं.

सव्वीस वर्षं ती या बेकरीत पावाचं पीठ मळते. यीस्ट किती, पाणी किती कोमट, पीठ किती वेळ फुगू द्यायचं, हे तिच्याशिवाय कुणी ठरवत नाही, म्हणून ती खमीरताई. खरं नाव हजेरीपटावर आहे.

आठ वाजता रेल्वेच्या वेबसाइटवर त्या आठवड्यातल्या राखून ठेवलेल्या जागा खुल्या होणार होत्या. बाकीच्या जागा दोन महिन्यांपूर्वीच संपल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी मात्र तिला कुठे जायचंय हेच माहीत नव्हतं. तिची मावशी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे आणि देशाच्या पार दुसऱ्या टोकाला राहते. मावसभाऊ तिला कायमचं परदेशी घेऊन चालला आहे. त्याचे कागद हातात आले दहा दिवसांपूर्वी, आणि विमान आहे येत्या रविवारी रात्री. खमीरताईची आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. दोघी बहिणी सहा वर्षांत भेटलेल्या नाहीत. फोनचा उपयोग संपला, कारण मावशीला ऐकू येत नाही. आई इकडून घसा फोडून ओरडते, मावशी तिकडून "कोण बोलतंय?" म्हणते आणि फोन मुलाच्या हातात देते. आईच्या फुप्फुसांमुळे डॉक्टरांनी विमान बंद केलंय. राहता राहिली रेल्वे.

तिकडे थेट गाडी नाही. दोन गाड्यांनी जावं लागतं. पहिली इथून रात्री अकरा पस्तीसला सुटून सकाळी सातला जंक्शनला पोचते. दुसरी शुक्रवारी दुपारी दोन वीसला जंक्शनवरून निघून शनिवारी संध्याकाळी मावशीच्या गावाला. ही दुसरी गाडी आठवड्यातून दोनदाच आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी, आणि मंगळवारपर्यंत कामावर बदली माणूस मिळत नव्हता. म्हणजे सगळं जमलं तर बहिणींना एक दिवस मिळणार होता.

हे वेबसाइटनं सांगितलेलं नाही. तिला इथून मावशीच्या गावाचा रस्ता विचारला की ती "या दोन स्थानकांदरम्यान गाडी उपलब्ध नाही" असं लाल अक्षरांत उत्तर देते. खमीरताईनं ते आईला वाचून दाखवलं, तेव्हा आई म्हणाली, "मग माझी बहीण लग्न होऊन तिकडे काय चालत गेली होती?" जंक्शनचा शोध खमीरताईनं नकाशा आणि जुनं वेळापत्रक मांडीवर घेऊन लावला. त्यात दोन संध्याकाळी गेल्या.

आठ वाजले. पान उघडायला पन्नास सेकंद लागली. उघडल्यावर त्यानं पासवर्ड मागितला. दिला. पासवर्डची मुदत संपली आहे, नवा द्या. नव्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह हवं, आणि तो आधीच्या पाचांसारखा नको. दिला. मग नऊ चित्रं आली. ज्यांत सायकल आहे ती निवडा.

एव्हाना भट्टीवाला मागे येऊन उभा राहिला होता. तो तिच्याहून चार वर्षांनी लहान, आणि वीस वर्षं तिनं मळलेलं पीठ भट्टीत घालत आलेला.

"ताई, ते बघ, त्या चौकटीत अर्धं चाक आलंय."

"दिसतंय मला. धरू का सोडू?"

"चाक आहे म्हणजे सायकल आहे."

तिनं धरलं. चूक. पुन्हा नऊ चित्रं. या वेळी सिग्नल.

"आता खांब धरायचा का नुसते दिवे?" भट्टीवाल्यानं विचारलं.

"तू गप्प बसतोस का?"

आपण यंत्र नाही हे तिनं त्या सकाळी नऊ वेळा सिद्ध केलं. भट्टीवाल्यानं मोजलं, त्याला दुसरं काम नव्हतं. मग आईची जन्मतारीख. वर्षाच्या यादीत चालू वर्ष सर्वांत वर असतं आणि टाइप करता येत नाही. एकेक वर्ष खाली जायचं. ती चौऱ्याऐंशी वेळा खाली गेली. तारीख लागली, पुढचं बटण दाबलं, आणि पडद्यावर आलं: आपलं सत्र संपलं आहे, कृपया पुन्हा प्रवेश करा. प्रत्येक पानाला पाच मिनिटं असतात. ती कुठे दिसत नाहीत.

"यांच्या आईला बसवा म्हणावं इथे," ती म्हणाली. पुढचे दोन शब्द छापण्यासारखे नव्हते.

पुन्हा पासवर्ड, पुन्हा सायकली, पुन्हा चौऱ्याऐंशी पायऱ्या. या खेपेस जंक्शनपासूनच्या गाडीचं तिकीट निघालं. बँकेचा आकडी संदेश फोनवर उशिरा आला, पण आला. आठ वाजून एकवीस. मग पहिल्या गाडीसाठी तीच सगळी फेरी, कारण आईचं नाव, वय, जन्मतारीख वीस सेकंदांपूर्वी भरलेली असली तरी वेबसाइटच्या लेखी ती बाई नवी होती. आठ वाजून तेहतीस मिनिटांनी तेही तिकीट आलं. भट्टीवाल्यानं टाळी वाजवली. खमीरताईचा जीव भांड्यात पडला.

भांड्यात तो अर्धं मिनिट राहिला. मग तिनं तिकीट नीट वाचलं. दोन्ही गाड्यांत तिला स्वतःला खालचा बर्थ होता. दुसऱ्या गाडीत आईला सगळ्यात वरचा.

"अरे, वय विचारायचं कशाला मग?" ती पडद्यालाच म्हणाली. "चौऱ्याऐंशी आकडा वाचला ना? दोनदा वाचला ना?"

"ताई, तू खालचा मागितला नव्हतास?"

"मागितला. चौकटीत टिचकी मारली. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, पसंतीची हमी नाही."

"मग तू वर जा, आईला खाली घे."

"ते मी करीनच रे. पण ज्या म्हाताऱ्या बाईबरोबर मुलगी नाही, तिनं काय करायचं? शिडी लावायची?"

घरी आईनं ते ऐकून घेतलं आणि विचारलं, वरून बाहेरचं दिसतं का. नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मग नकोच."

त्या दिवशी बेकरीतल्या बारा जणांनी ती दोन तिकिटं पाहिली. पीठघरातल्या फळ्यावर शुक्रवारच्या रकान्यात मुकादमानं खडूनं लिहिलं: खमीरताई रजा. इथे तो फळा समजून घ्यायला हवा. या बेकरीत पाळीला वार असतो तो पावाचा. गुरुवारी रात्री नऊला मळायला घेतलेलं पीठ शुक्रवारी सकाळी पाव होऊन विकलं जातं, म्हणून ती पाळी शुक्रवारची. फळ्यावर, हजेरीपटावर, पगाराच्या चिठ्ठीवर आणि बोलण्यातही. गुरुवारी रात्री अकरा वाजता तिथे कुणालाही वार विचारा, तो शुक्रवार सांगेल आणि तुमच्याकडे विचित्र नजरेनं बघेल. सव्वीस वर्षं खमीरताईचा वार असा रात्री नऊला बदलतो. पहिल्या तिकिटावर छापलं होतं: शुक्रवार, २३:३५. बाराही जणांना ते बरोबर वाटलं.

मंगळवारी तिनं बर्थसाठी मदतकेंद्राला फोन लावला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एका बाईच्या आवाजानं तिला त्रेचाळीस मिनिटांत अठ्ठावीस वेळा सांगितलं. त्यानंतर फोन आपोआप बंद झाला. बुधवारी दुपारी, झोप मोडून, ती स्टेशनवर गेली.

आरक्षणाच्या चार नंबरच्या खिडकीत निवृत्तीला आलेली एक कारकून बाई होती. चष्मा कपाळावर, शेजारी पाण्याची बाटली. तिनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा खाली घेतला, आणि दोन्हींवरच्या तारखांवर एकेक बोट ठेवलं.

"अहो ताई, तुम्ही दोघी शुक्रवारी दुपारी दोन वीसला जंक्शनवर आहात."

"हो."

"आणि शुक्रवारी रात्री अकरा पस्तीसला इथून निघताय."

"हो."

"मग जंक्शनला दुपारी कोण चढणार?"

खमीरताईनं कागद स्वतःकडे ओढला. बोटांवर वार मोजले. पुन्हा मोजले. नंतर ती सांगत होती की तिसऱ्यांदा मोजायची ती थांबली ती चूक कळली म्हणून नव्हे. गुरुवारच्या रात्रीला बोटांवरही आपण अजून शुक्रवारच म्हणतोय, हे कळलं म्हणून.

"गुरुवारचं करून द्या मला."

"हे इंटरनेटचं तिकीट आहे. वेबसाइटवरच बदलायचं."

"वेबसाइटवर तारीख बदलत नाही. रद्द करा म्हणते."

"बरोबर आहे. रद्द करून नवं काढायचं."

"तुमच्या मशीनवर हे तिकीट दिसतंय ना?"

"दिसतं. हात लावता येत नाही."

"म्हणजे काय, संग्रहालय आहे का हे?"

मागे रांगेत कुणीतरी हसलं. कारकून बाई हसली नाही. तिनं गुरुवारच्या अकरा पस्तीसची स्थिती बघून सांगितली: प्रतीक्षायादी, क्रमांक दोनशे बारा.

इथे खमीरताईचा आवाज चढला, आणि त्यात तिचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. तारीख तिनं चुकीची घातली, हे तिनं तिथेच कबूल केलं. "पण त्यांना कळू नये?" ती म्हणाली. "एकच नाव, एकच वय, बारा मिनिटांच्या अंतरानं काढलेली दोन तिकिटं. दुपारी एका गावाहून निघालेली म्हातारी रात्री दुसऱ्याच गावाहून कशी निघेल? सायकलचं अर्धं चाक बरोबर ओळखायला लावतात. एवढं मोठं माणूस त्यांना ओळखता येत नाही? आणि वर खाली छापलंय, आनंददायी प्रवासासाठी शुभेच्छा!"

"ओरडा," कारकून बाई शांतपणे म्हणाली. "दिवसातून चार जण ओरडतात. चौघांचंही बरोबर असतं."

खमीरताई थांबली. खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात टेकून उभी राहिली.

"जंक्शनला शुक्रवारी दोनच्या आत पोचायचंय ना?" कारकून बाईनं विचारलं. "गुरुवारी सकाळची पॅसेंजर आहे की."

"कुठली पॅसेंजर? वेबसाइटवर रात्रीची एकच गाडी आहे."

"तिला आरक्षण नाही. आरक्षण नाही म्हणजे वेबसाइटच्या हिशेबी गाडीच नाही. रोज सुटते. मी नोकरीला लागले तेव्हापासून सुटते. सगळी स्टेशनं घेत संध्याकाळी सव्वासातला जंक्शनला जाते. दहा तास लागतात. बसून जावं लागेल."

"आणि रात्रभर जंक्शनवर?"

"वेटिंग रूम रात्रभर उघडी असते. दारावर शुक्रवारचं तिकीट दाखवा. आत लांब बाकं आहेत, आईंना आडवं होता येईल. पांघरूण मात्र न्या, पंखे बंद करत नाहीत."

तिनं दोन्ही कागद परत सरकवले. दुसऱ्या तिकिटावरच्या वरच्या बर्थभोवती तिनं निळ्या पेननं गोल काढला होता. "आधी तुम्ही आपसांत बदला. तरी अडचण वाटली तर तिकीट तपासनिसाला गाडीत शिरल्या शिरल्या गाठा. एखादा खालचा रिकामा असतो."

संध्याकाळी खमीरताईनं आईला सगळं सांगितलं. आपली चूक आधी सांगितली, मग वेबसाइटची, मग पुन्हा वेबसाइटची.

"दहा तास बसायचं?" आईनं विचारलं.

"हो. आणि रात्र बाकावर."

"इथे तरी मी काय करते? खुर्चीतच बसलेली असते. तिकडे खिडकी पळेल तरी." मग थोड्या वेळानं, "तिला कळवलंस का, मी येतेय म्हणून?"

"मावशीकडे दादाला फोन केलाय. तो तिला कागदावर लिहून दाखवणार आहे."

"मोठ्या अक्षरात म्हणावं."

भट्टीवाल्याला तिनं फोनवर सांगितलं तेव्हा तो आधी पोट धरून हसला आणि मग म्हणाला, "ताई, आपण बारा जण बघत होतो गं." बदली मळणारा शुक्रवारपासून ठरलेला आहे, त्याआधी मिळत नाही. तेव्हा आज, बुधवारी रात्री नऊची पाळी, जिला फळ्यावर गुरुवार म्हणतात, ती खमीरताईच करेल. सकाळी साडेसातला ती सुटेल आणि तशीच स्टेशनवर जाईल. पिशव्या तिनं संध्याकाळीच बांधून दाराशी ठेवल्या आहेत. पिशव्यांसकट आईला साडेआठला भट्टीवाला घेऊन येणार आहे.

पॅसेंजर नऊ दहाला तीन नंबरच्या फलाटावरून सुटते. तिची तिकिटं आदल्या दिवशी मिळत नाहीत. बिनआरक्षित खिडकी त्याच सकाळी आठ दहाला उघडते.