पूर्वेकडची दोरी

दादानं आणलेला तो रेडिओ पेन ड्राइव्हएवढा होता. लॅपटॉपला लावला आणि त्याला छोटा अँटेना जोडला की डोक्यावरून जाणारी विमानं नकाशावर ठिपक्यांसारखी दिसायची. प्रत्येक विमान आपला नंबर, उंची आणि जागा सतत सांगत असतं. ऐकणारं कुणी असो वा नसो. मला ते आवडायचं. मी स्वतः घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि दोन्हीकडे कमीच बोलत मोठी झाले.

सुरुवातीला अँटेना माझ्या खिडकीत होता. सोलापूरच्या वरून विमानं भरपूर जातात, पण ठिपका जेमतेम एखादा दिसायचा आणि लगेच विझायचा. मग आम्ही अँटेना गच्चीवर नेला. त्याच्या बुडाला चुंबक होतं, म्हणून तेलाच्या जुन्या डब्याचं पत्र्याचं झाकण खाली ठेवलं. त्यानंच केवढा फरक पडला. दांडी लांब होती, ती कापून बोटाएवढी केली. लांब वायरीत सिग्नल मरतो हे कळल्यावर रेडिओच प्लास्टिकच्या डब्यात घालून अँटेनाच्या बुडाशी बांधला. ठिपके अक्कलकोटच्या पलीकडे, पार कलबुर्गीच्या बाजूला दिसू लागले.

पश्चिमेचं मात्र काही करता आलं नाही. तिकडे शेजाऱ्यांची तीन मजली इमारत आहे. विमान आमच्या डोक्यावर आलं की थोड्याच वेळात तिच्यामागे नाहीसं व्हायचं.

"म्हणजे येताना दिसायचं, जाताना नाही," दादा म्हणाला होता. त्याची आखातातली नोकरी तेव्हा ठरली होती आणि त्याचं विमान हैदराबादहून निघून आमच्यावरूनच जाणार होतं. "मुके, माझं पकडायचं हां. आणि अप्पांना दाखव."

अप्पांना दाखवणं हेच अवघड होतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अप्पांचे टॉवेल विणायचे माग होते. दादा त्यांच्यासोबत काही वर्षं उभा राहिला. एके दिवशी कामगारांसमोर तो म्हणाला, "अप्पा, आता हे बंद करा." बंद करायचंच होतं, ते अप्पांनाही माहीत होतं. पण कामगारांसमोर. माग भंगारात गेले आणि त्या दिवसापासून अप्पा दादाशी बोलले नाहीत. जेवताना मीठ हवं असलं तरी माझ्यामार्फत मागायचे.

दादा निघाला त्या संध्याकाळीही ते आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. दादानं बंद दारालाच नमस्कार केला आणि बॅग उचलली. अप्पांनी निदान ते विमान तरी बघावं, एवढंच माझ्या मनात होतं. बघितलं तर कदाचित पोचल्याच्या फोनवर दोन शब्द बोलतील.

सकाळी मी लॅपटॉप घेऊन गच्चीवर, जिन्याच्या खोलीच्या दारात बसले. दादाचा मेसेज आला होता, विमानाच्या नंबरासकट: "बसलो." पूर्वेकडे एकही ठिपका नव्हता. रोज या वेळेला तिकडे गर्दी असते. मी वायर हलवून पाहिली, डबा उघडून पाहिला. मग मान वर केली.

अँटेनाच्या अगदी पुढ्यात, पूर्वेकडच्या दोरीवर, एक चादर वाळत होती. दादाची. जाड सुती, पाण्यानं जड झालेली, खालच्या काठातून टपटप गळणारी. दोरी मधोमध झुकली होती. अप्पा तिची टोकं ताणून सारखी करत होते. आमच्या घरात अप्पांनी कपडे धुतलेले मी कधी पाहिले नव्हते.

खालून आईचा आवाज आला. तिनं सकाळपासून झाडू हातात घेतला नव्हता. माणूस प्रवासात असताना ती घर झाडत नाही, त्याचे कपडे-अंथरूण धूत नाही. पोचल्याचा फोन येईपर्यंत सगळं तसंच राहतं.

"पोरगं अजून पोचलं न्हाय, अन् तुमी त्याचं अंथरूण धुतलं? मेल्या माणसाचं धुत्यात तसं? काय कळतंय का तुमाला!"

अप्पांनी टोक आणखी ताणलं.

ओलं कापड सिग्नल अडवतं हे मी वाचलं होतं. चादर बाजूला घ्यायला दोन मिनिटं लागली असती. पण ती अप्पांनी घातली होती, आणि त्यांनी ती रागानं धुतली की कशानं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी स्क्रीनकडे बघत राहिले. नंतर कसंबसं तोंडातून निघालं.

"अप्पा, चादर काढा की."

"का?"

"ओली आहे. विमान दिसत नाही."

"चादरीनं काय हुतंय विमानाला?" ते म्हणाले. आणि मग, वळून न बघता, "कुटलं विमान?"

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चादर ओढली आणि दोन्ही हातांवर घेतली. त्यांचा सदरा पोटापाशी भिजला. स्क्रीनवर एकामागून एक ठिपके उगवले. त्यातला एक अक्कलकोटच्या जवळ येऊन पोचला होता. नंबर तोच होता.

"हे," मी म्हणाले.

चादर तशीच हातावर धरून ते वाकले. ठिपका आमच्या दिशेनं सरकत होता. बघणाऱ्याला वाटावं, घरीच येतोय. मग अप्पांनी मान वर केली. आभाळ सगळं ढगांनी भरलेलं होतं. काही दिसलं नाही. मला आवाजही आला नाही. खाली रिक्षाचा हॉर्न वाजत होता.

ठिपका आमच्यावर आला, थोडा पुढे सरकला आणि थांबला. मग पुसला गेला.

"काय झालं?"

"पुढे ती इमारत आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

ते बराच वेळ त्या इमारतीकडे बघत उभे राहिले. चादरीचं पाणी त्यांच्या पायाशी साचलं होतं.

दुपारनंतर दादाचा फोन आला. आईनं बोलून झाल्यावर फोन अप्पांपुढे धरला. ते जागेच होते. "झोपलोय म्हण," म्हणाले, आणि भिंतीकडे वळले. आई डोळे पुसत उठली आणि तिनं घर झाडायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेले तर पूर्वेकडची दोरी जागेवर नव्हती. अप्पांनी ती सोडून पश्चिमेला, त्या इमारतीच्या सावलीत बांधली होती; अँटेनाच्या पुढ्यात आता मोकळं आभाळ होतं. दादाची चादर तिथे होती, अजून ओलसर. तिकडे ऊन येत नाही, कपड्यांना कुबट वास येतो, म्हणून आई रोज कुरकुरते. अप्पा ऐकून घेतात. दादाचा फोन वाजला की मात्र अजूनही चपला घालून बाहेर जातात.