टावर तोच होता

माझी पुण्याची गाडी गोंदियाहून सुटली, त्या दिवशी बाबा स्टेशनवर मोबाइल कंपनीच्या गणवेशात आले होते. निळा शर्ट, खिशावर कंपनीचं नाव. आईला ते मुळीच आवडलं नव्हतं. "पोरगी एवढ्या दूर जाऊन राहिली, अन तुमी डुटीचे कपडे घालून आले?" बाबांना दुपारी कामावर परतायचं होतं, हे खरं. पण तो शर्ट फलाटावरच्या लोकांनी बघावा असंही त्यांना वाटत असणार. आमच्या घरात खिशावर नाव असलेला शर्ट तोवर कुणी घातला नव्हता. खिडकीच्या गजांतून ते म्हणाले, "पोहचली का फोन करजो, माय. टावर बंद पडू देत नाई मी."

गावात राहिलेल्यांसाठी मी हे लिहिते आहे, आणि माझ्यासारखं शिकायला बाहेर पडलेल्यांसाठीही. नीट जमेल का, माहीत नाही. राग आला की माझी वाक्यं तुटतात.

आमचं गाव कामठ्याजवळ. टॉवर उभा राहिला तेव्हा कंपनी लहान होती. तिचे साहेब आमच्या ओट्यावर बसून चहा प्यायले आणि बाबांना राखणदार करून गेले. बौद्ध मोहल्ल्यातल्या माणसाच्या हाती किल्ली आली म्हणून गावात कुजबुज झाली. बाबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. कुंपणातलं गवत कापायचं, बकऱ्या हाकलायच्या आणि लाइन गेली की जनरेटर सुरू करायचा, हे त्यांचं काम. तेव्हा लाइन दिवसातून अर्धा वेळ नसायचीच. बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं डोक्यावरून घरघरत गेली तरी त्यातून बाबांना जनरेटरचा आवाज वेगळा ऐकू यायचा.

पुण्यात मी दर रविवारी सकाळी फोन करायची. मेसमधल्या गोड वरणाबद्दल, वर्गात माझी बोली ऐकून हसणाऱ्या मुलींबद्दल बोलायची. फोन कधी मध्येच तुटला नाही. तो का तुटत नाही, हा विचार माझ्या मनात आला नाही.

दुसऱ्या वर्षी एका परदेशी कंपनीने आमची कंपनी विकत घेतली. तिने आधीही बऱ्याच लहान कंपन्या अशाच घेतल्या होत्या. आमच्या सरांनी केस स्टडी म्हणून तोच विषय दिला. मी गटात हट्टाने तो मागून घेतला, कारण माझे बाबा त्याच कंपनीत होते. मी वर्गात ते सांगितलंही. नकाशावर एकेक राज्य लाल होत जातं, अशी स्लाइड आम्ही केली होती. शेवटची स्लाइड माझ्याकडे होती. "दुहेरी पदं कमी झाल्यामुळे कार्यक्षमता वाढते." मी हे वाक्य चार दिवस आरशासमोर पाठ केलं. टाळ्या वाजल्या. ते वाक्य कुणाबद्दल आहे, हे मला तेव्हा कळलं नाही. हा राग माझा माझ्यावरच आहे, आणि तो अजून उतरलेला नाही.

नव्या कंपनीने राखणीचं कंत्राट दुसऱ्यांना दिलं होतं. तसं बाबांना कुणी येऊन सांगितलं नाही. फोनवर इंग्रजीत एक मेसेज पाठवला, बस. बाबांना वाटलं, रोजच येतात तशी गाण्यांची ऑफर असेल. त्यांनी तो पुसून टाकला. मग कुंपणावरची पाटी बदलली, रंग बदलला, डिझेलची गाडी यायची थांबली. मोठ्या घरात कारभार बदलला की चार दिवस घोळ होतोच, असं त्यांनी धरलं आणि कामावर जात राहिले. एका रविवारी लाइन नव्हती आणि टाकीत डिझेलही नव्हतं. माझा फोन येईल म्हणून त्यांनी पंपावरून स्वतःच्या पैशाने डबकीभर डिझेल आणलं.

नेमकं त्याच सकाळी कंत्राटदाराचा सुपरवायझर तिथे पोहोचला. फाटकात निळा शर्ट घातलेला माणूस, हातात डिझेलची डबकी.

"चाचा, कहाँ ले जा रहे हो?"

"नेऊन नाई राहिलो. टाकून राहिलो."

"अरे, कंपनी बदल गई, पता नहीं? मेसेज भेजा था."

"कंपनी बदलली असंन. टावर तं तोच आहे ना?"

सुपरवायझर हसला आणि त्याने पोलिसांना बोलावलं. डिझेलचोर म्हणून बाबांना दुपारपर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं. आमच्या पोलीस पाटलांनी जाऊन हमी दिली तेव्हा सोडलं, पण तक्रार लिहिलेली राहिली. त्या दिवशी माझा फोन लागला नाही. मी वैतागून मैत्रिणीला म्हटलंसुद्धा, आमच्याकडे ना, काहीच धड चालत नाही.

पुढच्या रविवारी आईने फोनवर सगळं सांगितलं. तक्रार मागे घ्या आणि चूक झाली असं एका कागदावर लिहून द्या, एवढंच मला हवं होतं. नव्या कंपनीच्या हेल्पलाइनला किती वेळा फोन केला! शेवटी एक मुलगा म्हणाला, "मॅडम, टॉवर आता आमच्याकडे नाहीत. ते दुसऱ्या कंपनीला गेले." त्या दुसऱ्या कंपनीत सांगितलं, तो कंत्राटदारच आता नाही. ज्यांनी चहा पिऊन किल्ली दिली ते नाहीत, ज्यांनी चोर म्हटलं तेही नाहीत. आमच्या गावात एखाद्याची म्हैस दुसऱ्याच्या धानात शिरली तर त्याच्या दारात जाऊन भांडता येतं. यांना दारच नाही. खरेदी करताना यांनी सगळं घेतलं, फक्त केलेल्या अन्यायाची जबाबदारी तेवढी घेतली नाही. आमच्या स्लाइडवर याला वाढ म्हटलं होतं.

या उन्हाळ्यात घरी गेले तेव्हा कळलं, बाबा आता टॉवरच्या रस्त्याने जातच नाहीत. बांधावरून लांबचा फेरा घेऊन चौकात जातात. आई म्हणाली, तेव्हापासून असंच आहे. मला रडू आलं नाही, संताप आला. दुसऱ्या दिवशी भर सकाळी मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "चला, सरळ रस्त्यानं." ते थबकले. मी हात सोडला नाही. पुण्यात मला कुणी घर कुठे विचारलं की मी जिल्ह्याचं नाव सांगून मोकळी होत असे. त्या सकाळी वाटलं, माझ्या बाबांना मान खाली न घालता जाता येईल तेवढाच रस्ता माझं घर. बाकी सगळा नुसता पत्ता.

टॉवरसमोरच्या पानठेल्यावर चारपाच जण बसले होते. ठेलेवाले काका ओरडले, "का गा, आज इकडून कसा काय?"

बाबांनी टॉवरकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"काऊन? रस्ताही इकत घेतला का त्याईनं?"