साडूंचा पायथन आणि गणपतीचा प्रसाद

दुसऱ्याची चूक सापडल्यावर माणूस किती सुखी होऊ शकतो, हे आमच्या साडूंना पाहिल्याशिवाय कळायचं नाही. स्टील प्लांटमधून आल्यावर हातपायही न धुता ते सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये कॉम्प्युटरपुढे बसत. पायथन नावाची कॉम्प्युटरची भाषा तेव्हा भिलाईत कोणाला ठाऊक नव्हती. हे ती एका मासिकाच्या सीडीवरून शिकले आणि उरलेलं जग त्यांच्या लेखी अडाणी झालं. देव अक्कल वाटत होता तेव्हा हे गृहस्थ बहुधा रांगेतल्यांच्या चुका काढत उभे असावेत.

माझी नीलू नागपूरच्या नोकरीच्या परीक्षेसाठी त्यांच्याकडे शिकायला जाई. पायथनमध्ये 'क्लास' म्हणजे एक साचा आणि 'मेथड' म्हणजे त्यातलं एकेक काम; ती मेथड लिहिताना कंसात आधी 'सेल्फ', म्हणजे ज्याचं काम त्याची ओळख, लिहायचं ती हमखास विसरे. मग साडू कपाळावर हात मारत. "कावून वं, गेटपास न दाखवता कोणी प्लांटमध्ये घुसते का? कोणाचं काम करून राहिलो, हे मेथडले कसं समजन?" मेथडच्या नावापुढे कंस टाकायचा राहिला, तर सगळी गल्ली ऐके, "नुसतं नाव लिहून काम होते का?" शेवटी पोरगी रडत घरी आली. "बाबा, मले नाही जमत. मी परीक्षाच देत नाही." साडूंचा असा संताप आला! पण शिकवणारा दुसरा आणायचा कुठून?

तेवढ्यात गणपती आले. कोणत्या घरानं कोणता प्रसाद करायचा, ते ठरवायला साडूंनी मंडळासाठी प्रोग्राम लिहिला. हातानं यादी करणाऱ्यांना ते खो खो हसले. प्रिंटरमधून चिठ्ठ्या निघाल्या, तर प्रत्येक घराच्या चिठ्ठीवर अख्ख्या मंडळाचे पदार्थ, मोदकांपासून कोथिंबिरीच्या वड्यांपर्यंत! वैशाली नगरच्या एका काकूंनी विचारलं, "भाऊजी, मोदक, सांभारवड्या, शिरा, सारं मीच रांधू का?" साडू प्रिंटरवर खेकसले.

नीलू पडद्याकडे बघत हळूच म्हणाली, "मावसाजी, यादी तुम्ही क्लासच्या साच्यातच ठेवली. ती साऱ्या घरांची एकच झाली. सेल्फवर बनवा, मंग ज्याची त्याले राहीन."

आता भडका उडणार, असं मला वाटलं. साडू खुर्चीवरून उठले. "बस बाई. तूच कर दुरुस्त."

नीलू पास झाली, नागपूरला गेली. साडू रविवारी तिच्या फोनच्या वेळेला बरोबर आमच्याकडे येऊन बसू लागले. माझ्या हातातून रिसीव्हर ओढून विचारत, "कुठं अडून राहिली का नाही?" ती "नाही" म्हणे आणि त्यांचा चेहरा एवढासा होई. चप्पल घालून निघत. मला फार वाईट वाटे.

शेवटी मीच नीलूला सांगितलं, "पोरी, पुढच्या रविवारी एखादा सेल्फ विसर."