मोडक सरांचा दृष्टिकोन

लेखक मंडळात लिखाण किती होतं ते देव जाणे, पण किस्से मात्र भरपूर होतात. माझ्याकडे तर इतके साठलेत की कुणी नुसतं 'दृष्टिकोन' म्हटलं तरी मला हसू फुटतं आणि समोरच्याला वाटतं, बाईंचं काहीतरी बिनसलंय.

गोष्ट नव्वदच्या आसपासची. गिरगाव-परळच्या खोल्या विकून आम्ही बहुतेक सगळे नुकते मीरा रोडला आलो होतो. नळाला पाणी नव्हतं, रस्त्याला दिवे नव्हते, पण आमच्या सोसायटीत लेखक मंडळ होतं! ते काढलं मोडक सरांनी. सर शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेले. जन्मभर पोरांकडून निबंध लिहून घेतले, पण स्वतःचं नाव एकदाही छापून आलं नव्हतं. मरायच्या आत एका दिवाळी अंकात आपली कथा यावी, एवढीच त्यांची इच्छा. ती पुरी होईपर्यंत दर रविवारी आम्हा चौघांचा छळ!

सरांचा मंत्र एकच. "काय दिसतंय ते महत्त्वाचं नाही हो, कोण बघतंय ते महत्त्वाचं. दुसऱ्याच्या डोळ्यांत शिरा!"

*

पहिला धडा वर्णनाचा. सोसायटीसमोर भाताचं शेत होतं. ते प्रत्येकाने आपापल्या नजरेतून लिहून आणायचं.

कुलकर्णीबाईंनी बगळे आणले. बँकेतल्या प्रभुण्यांनी हिरवा गालिचा अंथरला, त्यावर दवबिंदू शिंपडले आणि वरून सूर्यकिरण सोडले. मी एक क्षितिज घातलं. मग भोईर उठले. भोईर मूळचे इथल्याच पेणकरपाडा गावाचे आणि ते शेत त्यांच्याच घरचं. आम्ही सरसावून बसलो, म्हटलं आता खरा मातीचा गंध येणार.

भोईरांनी वाचलं, "चार विंगा. खाली दुकानांचे गाले. मागं पार्किंग."

"अहो भोईर, भात कुठाय? ते बगळे कुठायत?" सर कळवळले.

"बगले आमचे न्हाय, सर. बाकी आख्खा शेत इकला!"

त्या दिवशी सरांनी सर्वांत जास्त मार्क भोईरांना दिले. दृष्टिकोन स्पष्ट होता म्हणे.

*

मग आलं प्रथमपुरुषी निवेदन. 'मी' होऊन लिहायचं. कुलकर्णीबाईंनी झकास कथा लिहिली. त्यातली 'मी' ही गृहिणी, आणि ती शेजारच्या एका मिशीवाल्या, स्कूटरवाल्या गृहस्थाच्या प्रेमात पडलेली. रविवारी वाचलेली कथा सोमवारी सगळ्या विंगमध्ये पोचली.

पुढच्या रविवारी बाईंच्या आधी मिस्टर कुलकर्णी हजर! सरांनी त्यांना खुर्चीत बसवून शांतपणे समजावलं, "हे बघा, कथेतली 'मी' म्हणजे तुमची मिसेस नव्हे. ते एक काल्पनिक पात्र असतं."

"पटलं," कुलकर्णी म्हणाले. "आता फक्त त्या काल्पनिक मिशीवाल्याचा फ्लॅट नंबर सांगा."

त्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधल्या तीन मिशा उतरल्या. त्यातल्या एकाकडे तर स्कूटरही नव्हती!

*

प्रभुण्यांना असला 'मी' चालायचा नाही. त्यांना लागायचा सर्वसाक्षी निवेदक. सगळीकडे हजर असणारा, प्रत्येकाच्या मनातलं ओळखणारा. त्यांच्या कथेत भिंतीवरच्या पालीलासुद्धा काय वाटतंय ते आपल्याला कळायचं. ऐकून ऐकून आम्हाला कोणाच्याच मनातलं काही नको झालं होतं.

त्यांची मुलगी रोज संध्याकाळी शेअर रिक्षाच्या स्टँडमागे एका मुलाशी बोलत उभी असायची. हे मला माहीत होतं, कुलकर्णीबाईंना माहीत होतं, यच्चयावत रिक्षावाल्यांना माहीत होतं. प्रभुण्यांना कळलं ते ती गळ्यात हार घालून दारात उभी राहिली तेव्हा!

बिचारे तोंड पाडून मंडळात आले. सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"प्रभुणे, यापुढे तुम्ही मर्यादित दृष्टिकोनातून लिहा."

*

वस्तूचं मनोगत लिहायची पाळी आली तेव्हा मी 'मी सोसायटीचा पंप बोलतोय' लिहिलं. माझा पंप धाय मोकलून रडतो. सांगतो की सेक्रेटरी मला बाकीच्या विंगसाठी दहा मिनिटं चालवतात आणि स्वतःच्या विंगसाठी चांगला अर्धा तास.

आमची वाचनं चालायची सोसायटीच्या ऑफिसात. सेक्रेटरी शहाभाई कोपऱ्यात गुजराती पेपर वाचत बसलेले असायचे. त्यांना मराठी कळत नाही अशी आमची ठाम समजूत होती. मी शेवटचं वाक्य वाचलं आणि पेपर खाली आला.

"पंप को तकलीफ है तो जनरल बॉडी में बोले! इधर चोरी-छुपे क्यूँ बोलता है?"

त्यांनी ऑफिसची चावी काढून घेतली आणि मंडळ रस्त्यावर आलं. आमच्या विंगचं पाणी पाच मिनिटांवर आलं ते वेगळंच.

*

तेव्हापासून आम्ही सरांच्या घरी जमायला लागलो. वन रूम किचनचा फ्लॅट. आम्ही चौघं बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसायचो.

अशी तीन-चार वर्षं गेली आणि एका रविवारी सरांनी दार उघडलं तेच हसत. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने दिवाळी अंक काढला होता. त्याला बाईच्या नजरेतून लिहिलेली कथा हवी होती आणि ती त्याने सरांकडे मागितली होती. कथा तयार होती. उद्या सकाळी पोस्टात टाकायची, त्याआधी आम्ही ऐकायची.

मला त्यांचं खरंच कौतुक वाटलं. कथा एका बायकोची होती. रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहते. स्टेशनच्या रस्त्याने येणाऱ्या गर्दीत तिला तिचा नवरा लांबूनच ओळखू येतो. त्याची पिशवी दिसली की ती आधण ठेवते. "या खिडकीनं मला काय नाही दिलं!" असा शेवट. प्रभुण्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. कुलकर्णीबाई तर हुंदकाच द्यायच्या बाकी होत्या.

"सर, काकूंना पन इचारा," भोईर म्हणाले.

मोडककाकू स्वयंपाकघराच्या दाराशी मेथी निवडत बसल्या होत्या.

"चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण आपल्या खिडकीतून रस्ता दिसत नाही."

"दिसत नाही कसा? स्टेशनचा रस्ता त्याच बाजूला आहे!"

"समोर डी विंग आहे ना. भिंतच आहे, हात बाहेर काढला की लागते."

"कधी झाली?"

"आपण राहायला आलो त्याच्या पुढच्या वर्षी."

सरांनी आमच्याकडे बघितलं, मग हातातल्या कागदांकडे. उद्याचं पोस्ट डोळ्यांसमोर आलं असावं.

"थांबा. लेखकाने ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नये. मी स्वतः बघून येतो."

सर ताडकन उठले आणि आत गेले. काकू मेथी निवडत राहिल्या. आत एक पातेलं पडलं, मग त्यावरचं झाकण.

"अगं," आतून सरांचा आवाज आला, "इथलं लाइटचं बटण कुठाय?"